ॲलोप्युरिनॉलचा त्रास कुणाला होतो?

वडील ६२ वर्षांचे, अंगठा सुजतो, युरिक ॲसिड ९ च्या वर, ते कमी करायला ॲलोप्युरिनॉल लिहून दिलंय, तर साइड इफेक्टचा धोका कुणाला जास्त, असं तुम्ही विचारलंय.

आधी क्रिएटिनिन बघा, म्हणजे मूत्रपिंड कसं चालतंय ते सांगणारी रक्ताची तपासणी; ते वाढलं की मूत्रपिंड कमजोर. मग बीपीची गोळी कुठली ते बघा. या दोन गोष्टी न बघितल्यामुळं माझी आई अकरा दिवस बेळगावात ॲडमिट होती.

आम्ही खानापूर तालुक्यातले. आईचं क्रिएटिनिन १.९, आणि बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायाझाइड. दाखवायला न्यायच्या दिवशी मी तिच्या सगळ्या गोळ्या आणि रिपोर्ट पिशवीत भरले होते. थोरले मामा म्हणाले, "एवढं बोचकं कशाला, डॉक्टर काय ते बघतात की." पिशवी घरीच राहिली. नव्या डॉक्टरांनी जुने कागद मागितले नाहीत, आम्ही सांगितलं नाही. पहिल्या दिवसापासून ॲलोप्युरिनॉल ३०० मिलिग्रॅम.

तिसऱ्या आठवड्यात ताप आला, मग पोटावर, पाठीवर लाल चट्टे. मामा म्हणाले, उष्णता आहे. सब्जाचं पाणी सुरू झालं आणि गोळीही चालूच राहिली. चार दिवसांनी तोंडात फोड आले, डोळे लाल झाले, तेव्हा गाडी केली. बेळगावात पोचेपर्यंत अंगाची कातडी सुटायला लागली होती. तिथल्या डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "नवीन गोळी कुठली सुरू केली?"

हे औषध शरीरात गेल्यावर त्याचं जे रूप बनतं ते मूत्रपिंडातून बाहेर पडतं. मूत्रपिंड मंद असलं की ते साचतं. म्हणून सुरुवात १०० किंवा त्याहून कमी, मूत्रपिंड कमजोर असेल तर ५०, आणि युरिक ॲसिड ६ च्या खाली येईपर्यंत हळूहळू वाढवायचं. वय जास्त, बाई माणूस, सोबत लघवीची गोळी, सुरुवातीलाच मोठा डोस, यानं धोका वाढतो. चिनी, कोरियन, थाई लोकांत एचएलए-बी ५८:०१ हा जनुकाचा प्रकार जास्त आढळतो, त्यांची आधी तपासणी करतात. ही रिॲक्शन बहुतेक पहिल्या दोन-तीन महिन्यांत येते. ताप आणि चट्टे दिसले की गोळी बंद, त्याच दिवशी दवाखाना.

मामा अजून प्रत्येक लग्नात सांगतात, इंग्रजी गोळीनं अक्काचा जीव घेतला असता. नाही मामा. पिशवी नेली असती तर पहिल्याच दिवशी ५० मिळाले असते. आणि तुमच्या गुडघ्यासाठी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणता त्या डायक्लोफिनॅक या दुखण्याच्या गोळीनं मूत्रपिंड जास्त खराब होतं, ते कुणी बोलत नाही.

हे वाचून वडिलांची गोळी बंद करू नका. बहुतेकांना ती नीट सोसते. आमच्याच गल्लीतले एक काका नऊ वर्षं घेतायत, काही नाही. ज्यांना ती लागू पडलीय त्यांनी अंगठा परत सुजला म्हणून मधेच सोडायची नसते. दुखण्यासाठी कोल्चिसिन दिलं असेल तर जुलाब होतात का बघा, आणि सोबत क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

वडिलांचं क्रिएटिनिन आणि बीपीच्या गोळीचं नाव तुम्ही लिहिलेलंच नाही. दोन्ही एका कागदावर लिहा आणि तो डॉक्टरांच्या हातात द्या.