बँकेनं आपली क्रेडिट कार्डं दुसऱ्या बँकेला विकली, तर व्याजदराचं काय होतं?

प्रश्न असा आहे: तुमच्या बँकेनं कार्डांचा धंदा दुसऱ्या बँकेला विकत असल्याचा ईमेल पाठवलाय. तुमच्या कार्डावर ४०,००० रुपये बाकी आहेत, महिन्याला ३.४ टक्के व्याज लागतंय. नवी बँक दर वाढवेल का, आणि वाढवला तर तो या जुन्या बाकीवरही लागेल का?

आधी उत्तर देऊन टाकते. विक्री झाली म्हणून त्या दिवशी दर बदलत नाही. पुढे बदलू शकतो. आणि बदलला, तर आपल्याकडे त्या तारखेपासून जुन्या बाकीवरही नवाच दर लागतो.

मी एका बँकेच्या कार्ड विभागात एकोणीस वर्षं काढली. त्यातली शेवटची दोन वर्षं आमचाच विभाग विकला जाण्यात गेली, त्यामुळे हा प्रकार मी आतून पाहिलाय.

चाळीचा मालक बदलतो तेव्हा काय होतं ते आठवा. भाडेकरू तिथेच, भाडं तेच, पावती पुस्तकावरचं नाव तेवढं दुसरं. कार्डाचंही तसंच. तुमचा करार जसाच्या तसा नव्या बँकेच्या हातात जातो, दर, मर्यादा आणि बाकीसकट. तुमची वेगळी संमती कोणी विचारत नाही, कारण कार्ड घेताना सही केलेल्या कागदात 'आम्ही हे खातं दुसऱ्याकडे सोपवू शकतो' हे कलम असतंच. फरक एवढाच, की चाळीच्या भाड्याला कायद्याचं कुंपण असतं, कार्डाच्या व्याजाला तसं नाही. त्याच कागदात 'दर वेळोवेळी बदलू शकतो' हेही लिहिलेलं असतं. नव्या बँकेला तोही हक्क आयता मिळतो.

कुंपण घालायचा प्रयत्न झाला होता. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ साली सांगितलं, की कार्डाच्या थकबाकीवर वर्षाला ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. बँका सुप्रीम कोर्टात गेल्या, आणि कोर्टानं २० डिसेंबर २०२४ ला तो निकाल रद्द केला. तेव्हा 'कायद्यानं ३० टक्क्यांच्या वर घेता येत नाही' असं कोणी छातीठोकपणे सांगितलं तर मान डोलवू नका.

आता एक खरं उदाहरण घेऊ, कारण सगळी गंमत तारखांमध्ये आहे. सिटी बँकेनं भारतातला किरकोळ ग्राहकांचा धंदा अॅक्सिस बँकेला विकला. घोषणा झाली ३० मार्च २०२२ ला, तेव्हा किंमत सांगितली होती १२,३२५ कोटी. व्यवहार पुरा झाला १ मार्च २०२३ ला, तेव्हा प्रत्यक्षात दिले ११,६०३ कोटी. म्हणजे त्या दिवसापासून मालक अॅक्सिस. पण लोकांच्या खिशात कार्ड सिटीचंच होतं, बिलही सिटीच्याच नावानं येत होतं. खाती अॅक्सिसच्या कॉम्प्युटरवर गेली १५ जुलै २०२४ ला. मधले सोळा-साडेसोळा महिने कार्डधारकाला मालक बदलल्याचं जाणवायचंही कारण नव्हतं.

या तिसऱ्या तारखेला बँकेच्या भाषेत मायग्रेशन म्हणतात, आणि तुमच्या कामाची तारीख ही. तोवर जुनीच यंत्रणा, जुनंच दरपत्रक. मायग्रेशनच्या दिवशी प्रत्येक जुन्या कार्डाची जोडी नव्या बँकेच्या एखाद्या कार्डाशी लावली जाते. सिटीचं प्रेस्टिज अॅक्सिसचं ऑलिंपस झालं, प्रीमिअरमाइल्सचं होरायझन झालं. आमच्याकडे याची एक भलीमोठी एक्सेल शीट होती. डावीकडे जुनं कार्ड, उजवीकडे नवं, आणि मध्ये फी, दर, पॉइंट, विमा असे रकाने. जिथे दोन्हीकडचं जुळत नसे तो चौकोन पिवळा. मीटिंगा सगळ्या त्या पिवळ्या चौकोनांवर व्हायच्या. व्याजदराच्या चौकोनावर मात्र फारसा वाद होत नसे. विकत घेणाऱ्यानं पैसे मोजलेले असतात ते कार्ड वापरणाऱ्या माणसांसाठी. आल्या आल्या दर चढवला तर चांगली गिऱ्हाइकं कार्ड कापून मोकळी होतात. म्हणून पहिली कात्री पॉइंटांना लागते, मग विमानतळावरच्या लाउंजला, मग वार्षिक फीचा आकडा हलतो. दर नंतर हलतो, आणि तोही सगळ्या ग्राहकांसाठी एकदम, म्हणजे विक्रीशी त्याचा संबंध कोणी जोडू नये. अॅक्सिसनं आपल्या बहुतेक कार्डांवरचा दर महिन्याला ३.६ वरून ३.७५ टक्के केला तो २० डिसेंबर २०२४ पासून, मायग्रेशननंतर पाच महिन्यांनी. विक्रीमुळेच वाढवला असं मी म्हणणार नाही. पण नव्या घरात गेलात की त्या घरातल्या सगळ्यांना जे लागतं ते तुम्हालाही लागतं.

हे आपल्याकडे पहिल्यांदाच घडलेलं नाही. डॉइश बँकेची इथली कार्डं २०११ साली इंडसइंडकडे गेली. रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडची २०१३ साली कोल्हापूरच्या रत्नाकर बँकेनं घेतली, जी आज आरबीएल म्हणून ओळखली जाते. त्यातल्या काहींनी कार्ड मुळात घेतलं होतं एबीएन अॅम्रोचं, जी बँक पुढे रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडकडे गेली. बँक न बदलता तीन बँकांची बिलं भरलेली माणसं ही.

आता तुमच्या ४०,००० वर येऊ. समजा ३.४ चा दर ३.७५ झाला. ऐकायला पाव-अर्धा टक्का. आज महिन्याचं व्याज १,३६० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की १,६०५. नव्या दरानं व्याज १,५००, जीएसटीसकट १,७७०. फरक १६५ रुपयांचा, एका साध्या हॉटेलातल्या जेवणाचा. पण तुम्ही महिन्याला २,००० च भरत असाल तर? आज त्यातून मुद्दल फिटतंय ३९५, उद्या फिटेल २३०. कर्ज फिटायचा वेग चाळीस टक्क्यांहून जास्त घटतो. दर वाढल्याचा मार किमान रक्कम भरणाऱ्याला बसतो तो असा, आणि बिलावरची 'किमान देय रक्कम' ही ओळ वाचून तो लक्षातही येत नाही.

तुमच्या हातात काय आहे, तेही सांगते. रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक नियमांप्रमाणे आकारणीत बदल करायचा असेल तर किमान एक महिना आधी कळवावं लागतं, आणि बदल मागच्या तारखेपासून लावता येत नाही. बदल तुमच्या तोट्याचा असेल तर कार्ड बंद करायचा तुम्हाला हक्क आहे, त्यासाठी वेगळा भुर्दंड नाही. अट एकच, सगळी बाकी चुकती करायची. खरी गोम इथेच आहे. ज्याच्यावर बाकी नाही तो सहज निघून जातो, आणि त्याला व्याजदराशी देणंघेणंच नसतं. ज्याला दर टोचतो त्याच्याकडे एकरकमी ४०,००० नसतात. (बाकी फेडून अर्ज केल्यावर कामाच्या सात दिवसांत कार्ड बंद झालं नाही, तर बँकेनं रोजचे ५०० रुपये तुम्हाला द्यायचे असतात. मागितल्याशिवाय मिळतील या भ्रमात राहू नका.)

म्हणून मी तुमच्या जागी असते तर मायग्रेशनच्या आधी, आत्ताच, ती बाकी कार्डावरून हलवली असती. जुन्या बँकेकडेच हप्ते पाडून घेता येतात, वर्षाचे किंवा दीड वर्षाचे. एकदा हप्ते पाडले की त्यांचा दर ठरलेला असतो, आणि मालक बदलला तरी मुदत संपेपर्यंत साधारणपणे तोच चालतो. किंवा वैयक्तिक कर्ज घ्या, तो दर कार्डाच्या निम्म्याहून कमी पडतो. सोसायटीच्या पतपेढीत शेअर असतील तर तिथेही विचारा. आमच्या ऑफिसातले निम्मे शिपाई कार्डाची बाकी पतपेढीतूनच फेडायचे, आणि ते आम्हा अधिकाऱ्यांपेक्षा शहाणे होते.

आता जे कोणी विचारत नाही ते. पैसे जातात ते बहुतेक वेळा दर वाढल्यामुळे नव्हे, तर मायग्रेशनच्या महिन्यात बिल चुकीच्या जागी भरल्यामुळे. हे आमच्याच घरात झालं. मी कार्ड विभागात, आणि माझ्या नवऱ्याचं कार्ड दुसऱ्याच एका बँकेचं, जे असंच विकलं गेलं होतं. बिल ३१,८६० चं, शेवटची तारीख पाच. यांनी तीन तारखेला नेहमीप्रमाणे नेटबँकिंगमधून भरलं, पण यादीत सेव्ह केलेलं नाव आणि आयएफएससी जुन्या बँकेचं. पैसे गेले, कापल्याचा मेसेज आला, हे निश्चिंत. नऊ तारखेला ते पैसे गुपचूप बचत खात्यात परत आले. खात्यात अचानक शिल्लक दिसली म्हणून यांनी नवी शेगडी घेतली! पुढच्या बिलात व्याज १,४१२, त्यावर जीएसटी २५४, उशिराची फी ९००, तिच्यावर जीएसटी १६२. एकूण २,७२८ रुपये, ज्यानं आयुष्यात कधी बिल थकवलं नाही त्या माणसाला.

व्याज एवढं का, तर पूर्ण बिल वेळेत गेलं नाही की बिनव्याजी मुदत संपते, आणि प्रत्येक खरेदीवर खरेदीच्या दिवसापासून व्याज लागतं. शेवटच्या तारखेपासून नव्हे. उशिराची फी लावायला बँकेला तीन दिवस थांबावं लागतं, पण आमचे पैसे त्या तीन दिवसांतही परत आले नव्हते. तक्रारीनंतर फी अकरा दिवसांत परत मिळाली. व्याजासाठी दुसरं पत्र लिहावं लागलं, त्यात पैसे गेल्याचा आणि परत आल्याचा उतारा जोडला, आणि तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ असं लिहिलं. सव्विसाव्या दिवशी व्याजही परत आलं. शेगडी अजून आहे.

तर मायग्रेशनच्या आधी तुमच्या बिलाची शेवटची तारीख नव्या पत्रातल्या तारखेशी ताडून बघा, ती बऱ्याचदा पुढेमागे होते. जुनं सेव्ह केलेलं नाव यादीतून काढूनच टाका. ऑटो-डेबिट लावलं असेल तर ते नव्या बँकेकडे गेलं की नाही हे फोन करून नव्हे, ईमेल करून विचारा, म्हणजे उत्तर लेखी मिळतं. विम्याचा हप्ता, वीजबिल, मुलांच्या अॅपची वर्गणी असं काही कार्डावर लावलं असेल आणि कार्ड नंबर बदलणार असेल, तर तेही पुन्हा लावावं लागेल. आणि शेवटचं जुनं बिल पीडीएफमध्ये उतरवून ठेवा, जुन्या बँकेचं अॅप एक दिवस उघडायचंच बंद होतं. त्या बिलावर तुमचा आजचा दर छापलेला असतो, पुढे भांडायची वेळ आली तर पुरावा तोच.

एक खुलासा. थकलेली, बुडीत धरलेली खाती मालमत्ता पुनर्रचना कंपन्यांना विकली जातात, तो प्रकार वेगळा. तिथे विकत घेणाऱ्यानं तुमचं कर्ज बऱ्याच कमी भावात घेतलेलं असतं, त्यामुळे दरापेक्षा तडजोडीच्या रकमेवर बोलणं होतं. तुमचं खातं नियमित आहे, तुम्हाला त्याची धास्ती नको.

ता. क. एका वाचकानं न्यू जर्सीहून विचारलंय, तिकडे अमेरिकेत काय? तिकडे बरं आहे. २००९ च्या कार्ड कायद्यामुळे जुन्या बाकीवर दर सहसा वाढवता येत नाही, बिल साठ दिवस थकलं तर गोष्ट वेगळी. दर बाजाराच्या दराला बांधलेला असेल तर तो त्याच्याबरोबर हलतो. नव्या खरेदीवर दर वाढवायचा तर पंचेचाळीस दिवस आधी कळवावं लागतं. खातं विकलं गेलं तरी जुन्या बाकीचं हे संरक्षण खात्याबरोबर जातं. एचएसबीसीची तिकडची कार्डं २०१२ साली कॅपिटल वनकडे गेली तेव्हा हा कायदा लागू झालेला होता. आपल्याकडे जुन्या बाकीला असं वेगळं संरक्षण नाही.