एक्सपीला नवा प्रिंटर कसा जोडायचा?

प्रश्न : माझ्या विंडोज एक्सपीच्या संगणकावर मराठी अक्षरजुळणीचं जुनं सॉफ्टवेअर आहे. नव्या विंडोजवर ते चालत नाही, म्हणून हा संगणक टाकवत नाही. जुना प्रिंटर गेला आणि नवा नेटवर्क लेझर प्रिंटर घेतला, तर त्याचा ड्रायव्हर एक्सपीवर चढतच नाही. काय करू?
– एक वाचक

उत्तर : त्या मॉडेलचा एक्सपी ड्रायव्हर शोधत बसू नका. इंटरनेटवर ‘सर्व ड्रायव्हर मोफत’ म्हणणाऱ्या जागांच्या तर वाटेलाही जाऊ नका. आधी प्रिंटरच्या माहितीपत्रकात पीसीएल ५, पीसीएल ६ किंवा पोस्टस्क्रिप्ट यांपैकी काही लिहिलंय का, ते बघा. पान कसं छापायचं हे संगणक प्रिंटरला ज्या भाषांत सांगतो, त्या या भाषा. पोस्टस्क्रिप्ट १९८४ पासूनचं आहे, पीसीएलही त्याच काळातलं, म्हणून एक्सपीलाही ती जमतात. पीसीएल ५ असेल तर एक्सपीत आधीपासून असलेला ‘एचपी लेझरजेट ४’चा ड्रायव्हर बहुतेक वेळा चालून जातो, प्रिंटर दुसऱ्या कंपनीचा असला तरी.

जोडताना एका जागी हमखास घोळ होतो. प्रिंटर नेटवर्कवर असला तरी ‘ॲड प्रिंटर’मध्ये ‘लोकल प्रिंटर’च निवडायचा आणि खालची आपोआप शोधण्याची खूण काढून टाकायची. मग ‘क्रिएट अ न्यू पोर्ट’मध्ये ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ घ्या, प्रिंटरचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) द्या. पोर्टचा प्रकार ‘रॉ’, पोर्ट क्रमांक ९१००. प्रिंटरचा आयपी पत्ता राउटरमध्ये कायमचा बांधून ठेवा, नाहीतर एके दिवशी तो बदलेल आणि छपाई का थांबली ते कळणार नाही.

कागद ए४ आहे ना, हे ड्रायव्हरमध्ये बघाच. तिथे ‘लेटर’ राहिलं तर प्रिंटर पान अडवून लेटर कागद मागत बसतो आणि माणसाला वाटतं, जोडणीच फसली.

मराठी अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं उमटली, तर ड्रायव्हरच्या ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये ट्रूटाइप फॉन्टसाठी ‘डाउनलोड ॲज सॉफ्टफॉन्ट’ निवडा. प्रिंटरने तुमच्या फॉन्टऐवजी स्वतःचा फॉन्ट वापरला की असं होतं.

आणि प्रिंटरमध्ये पीसीएल, पोस्टस्क्रिप्ट यांतलं काहीच नसेल तर? स्वस्त प्रिंटर पानाची बरीचशी जुळवाजुळव संगणकाकडूनच करून घेतात, त्यांचं स्वतःच्या ड्रायव्हरशिवाय पान हलत नाही. अशा वेळी एक्सपीत ‘जेनेरिक’खालचा ‘एमएस पब्लिशर इमेजसेटर’ हा पोस्टस्क्रिप्ट ड्रायव्हर ‘फाइल’ पोर्टवर बसवा, म्हणजे छपाई कागदाऐवजी फाइलमध्ये उतरते. तयार झालेली फाइल पेनड्राइव्हवरून नव्या संगणकावर न्या, घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्रॅमने तिची पीडीएफ करा आणि तिथून छापा. थोडी लांबची वाट आहे, पण मला खरं तर हीच आवडते. ते जुनं सॉफ्टवेअर चालतंय तोवरच मजकुराची पीडीएफ आपसूक तयार होऊन जपली जाते.

एक्सपीचे सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ लाच थांबले. तेव्हा राउटरमध्ये त्या संगणकाचं इंटरनेट बंद करा. प्रिंटरपर्यंत पोचायला त्याला घरचं नेटवर्क पुरतं.