फोन चोरीला गेला, नव्या फोनवर ऑथेंटिकेटर कोरं दिसतंय. जीमेल कसं उघडू?

लोकलमध्ये फोन गेला, त्याच नंबरचं सिम परत मिळालं, पासवर्डही पाठ आहे आणि तरी गूगल सहा आकडी कोड मागतंय, असं तुम्ही लिहिलंय. हा कोड नंबरवर येतच नाही, तो ऑथेंटिकेटर हे गूगलचं ॲप फोनमध्येच तयार करतं, म्हणून सिम मिळूनही ॲप कोरं राहिलं. खातं जोडताना तुम्ही जो क्यूआर स्कॅन केला होता, त्यात एक गुप्त किल्ली होती. ती किल्ली आणि घड्याळातली वेळ यांवरून ॲप दर 30 सेकंदांनी नवा कोड काढतं. किल्ली चोरीच्या फोनबरोबर गेली. खातं मात्र जागेवर आहे, त्यामुळे धीर सोडू नका.

चोरीला गेलेल्या फोनच्या आधीचा एखादा जुना फोन कपाटात पडलाय का, ते बघा. कोड दुसऱ्या फोनवर हलवताना जुन्यातले मुद्दाम काढले नसतील, तर ते अजून चालतात. सिम नको, नेट नको, फक्त वेळ बरोबर हवी. एप्रिल 2023 पासून ऑथेंटिकेटरमध्ये किल्ल्या गूगल खात्यावर साठवायची सोयही आहे. तुमचं दुसरं जीमेल असेल, तर नव्या फोनवर ॲपमध्ये त्यानेही लॉगिन करून पाहा.

यातलं काहीच नसेल, तर तुमचं जीमेल अजून उघडं असलेला लॅपटॉप, टॅब किंवा घरचा पीसी शोधा. सापडला की तिथून लॉगआउट करू नका आणि कुकीज साफ करू नका. मी कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळते. आमच्या एका विद्यार्थ्याचा फोन असाच गेला होता. गावी घरच्या पीसीवर त्याचं जीमेल उघडं होतं. बहिणीने त्याच्या सांगण्यावरून गूगल खात्याच्या सिक्युरिटीत जाऊन बॅकअप कोड काढले आणि फोनवर चार-चार आकडे करून एक कोड वाचून दाखवला. तो आठ आकडी कोड त्याने लॅबमध्ये टाकला आणि खातं उघडलं. असे 10 कोड मिळतात, प्रत्येक एकदाच चालतो. तुम्ही पूर्वी कधी छापून ठेवले असतील तर कागदपत्रांच्या फाइलमध्ये नक्की शोधा.

कोडच्या स्क्रीनवर ‘ट्राय अनदर वे’ दाबलंत का? खात्याला नंबर जोडलेला असेल तर तिथे एसएमएसचा पर्याय येतो. सिम नुकतंच घेतलं असेल तर पहिले 24 तास एसएमएस बंद असू शकतात, एक दिवस थांबा. शेवटचा मार्ग अकाउंट रिकव्हरीचा, म्हणजे खातं परत मिळवायला गूगलकडे अर्ज करण्याचा. तो नेहमीच्या जागेवरून, नेहमीच्या वायफायवर आणि पूर्वी वापरलेल्या कॉम्प्युटरवरून करा, कारण माणूस तोच आहे का हे गूगल त्यावरूनही ताडतं. उत्तराला काही दिवस लागू शकतात.

पैसे घेऊन खातं उघडून देतो म्हणणारे भेटतील. कृपा करून त्यांच्या नादी लागू नका! गूगल अशा कुणाबरोबरही काम करत नाही. कोड किंवा ओटीपी मागणारा तुमचं खातं स्वतःसाठी उघडत असतो. पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

आत शिरलात की सर्वांत आधी ‘युअर डिव्हाइसेस’मधून चोरीचा फोन साइन आउट करा. मग जुनं ऑथेंटिकेटर काढून नव्या फोनवर नवा क्यूआर स्कॅन करा, म्हणजे चोराच्या हातातली किल्ली निकामी होते. बॅकअप कोड नव्याने काढून कागदावर छापा. त्याच जीमेलच्या ड्राइव्हमध्ये ठेवून काही उपयोग नाही. पोलीस तक्रारीची प्रत हातात असेल तर संचार साथी या सरकारी पोर्टलवर चोरीच्या फोनचा आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) ब्लॉक करून टाका.

कुठे अडलात तर स्क्रीनवर नेमकं काय लिहून येतंय ते इथे टाका, मी बघते. फक्त कोड दिसेल असा फोटो टाकू नका.