डेटाबेसचं छोटं अपडेट टाकायचं, की चालतंय ते चालू द्यायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सांगलीच्या मार्केट यार्डात हळद आणि बेदाण्याचं अडत दुकान आहे, हिशेबाचं सॉफ्टवेअर पोस्टग्रेएसक्यूएल (थोडक्यात पोस्टग्रे) या डेटाबेसच्या १४.२ आवृत्तीवर चालतं, बसवल्यापासून एकदाही अडलेलं नाही. आता नव्या आवृत्तीच्या माहितीत 'सुरक्षा आणि बग दुरुस्ती' एवढंच लिहिलंय, आणि सॉफ्टवेअरवाले म्हणतात, चालतंय त्याला हात लावू नका. मग टाकावं का?

टाका. आणि १४.२ म्हणालात म्हणून सांगतो, फार दिवस लावू नका. मी याच भागातल्या अडत दुकानांचे आणि शीतगृहांचे डेटाबेस सांभाळतो, त्यामुळे तुमची भीती नेमकी कशाची आहे ते कळतं.

पोस्टग्रेच्या १० व्या आवृत्तीपासून नंबरचे दोनच भाग असतात. पहिला बदलला, म्हणजे १४ चं १५ झालं, तर ते मोठं अपडेट. त्यात डेटा नव्या आवृत्तीत न्यावा लागतो, सॉफ्टवेअर तपासून घ्यावं लागतं, आणि सॉफ्टवेअरवाल्यांना विचारल्याशिवाय ते करूच नये. दुसरा भाग बदलला तर नवीन सोयी येत नाहीत, डेटाच्या फायलींची मांडणीही तीच राहते. सर्व्हिस थांबवायची, प्रोग्रॅम बदलायचा, सर्व्हिस सुरू करायची. मधल्या आवृत्त्या एकेक करून टाकाव्या लागत नाहीत, शेवटच्या आवृत्तीत आधीच्या सगळ्या दुरुस्त्या असतात. सॉफ्टवेअरवाल्यांनी दिलेला सल्ला मोठ्या अपडेटसाठी बरोबर आहे. या अपडेटसाठी तो चुकीचा आहे.

आता तुमच्या १४.२ बद्दल. १४.० ते १४.३ या आवृत्त्यांमध्ये एक दोष होता. मला तो सगळ्यात वाईट जातीचा दोष वाटतो, कारण त्यात एरर येतच नाही.

टेबल, म्हणजे नोंदींचा तक्ता, वापरात असतानाच त्याचा इंडेक्स, म्हणजे नोंद पटकन सापडावी म्हणून ठेवलेली सूची, नव्याने बांधायची सोय पोस्टग्रेत आहे, तिला 'रीइंडेक्स कॉन्करंटली' म्हणतात. असा इंडेक्स बांधणं चालू असताना व्हॅक्यूमने, म्हणजे नोंदी बदलल्यावर मागे राहणाऱ्या जुन्या प्रतींची साफसफाई करणाऱ्या कामाने, त्याच्यासाठी थांबू नये अशी सुधारणा १४ मध्ये केली गेली. हेतू वेग वाढवण्याचा होता. पण त्यामुळे त्याच वेळी बदलल्या जाणाऱ्या नोंदींच्या ज्या प्रती इंडेक्सला अजून लागणार होत्या, त्याच साफ होऊ लागल्या आणि काही नोंदी इंडेक्समध्ये लागायच्या राहून गेल्या. १६ जून २०२२ ला १४.४ काढून ही सुधारणा मागे घेतली. पोस्टग्रेची छोटी अपडेट्स एरवी फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी येतात. ते वेळापत्रक मोडून मध्येच आवृत्ती काढावी लागली, यावरून प्रकरण किती गंभीर होतं ते समजा.

दुकानात हे कसं दिसेल? शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेब, टेबलात आहे. दिवसाची एकूण बेरीज काढली तर ती धरली जाते, कारण तिथे बहुधा पूर्ण टेबल वाचलं जातं. त्याच शेतकऱ्याच्या खात्याचा उतारा काढला की पट्टी गायब, कारण उतारा इंडेक्सवरून निघतो. उचल नावे पडलेली दिसते, पट्टी जमा दिसत नाही. शेतकरी समोर उभा, त्याच्या हातात छापील पट्टी, आणि स्क्रीनवर काही नाही. बोल लागतो तो दिवाणजींना. दुसरा प्रकार याहून त्रासाचा: एकच पट्टी नंबर दोनदा पडू नये म्हणून जो युनिक इंडेक्स असतो, त्यातच नोंद नसेल तर तो नंबर पुन्हा पडू शकतो. वर्षअखेरीला सीएकडे गेल्यावर ते निस्तरणं फार जिकिरीचं होतं.

म्हणून सॉफ्टवेअरवाल्यांना एकच विचारा: रात्रीच्या देखभालीच्या कामात रीइंडेक्स कॉन्करंटली आहे का, किंवा कुणी हाताने 'क्रिएट इंडेक्स कॉन्करंटली', म्हणजे तसाच नवा इंडेक्स बांधायची कमांड, चालवलंय का? दोन्ही नसेल तर या दोषाची झळ तुम्हाला लागलेली नाही. असेल किंवा आठवत नसेल, तर एवढं लक्षात घ्या की अपडेट टाकल्याने पुढचं नुकसान थांबतं, आधी तुटलेला इंडेक्स आपोआप नीट होत नाही. अपडेटनंतर 'रीइंडेक्स डेटाबेस', म्हणजे सगळे इंडेक्स नव्याने बांधणारी कमांड, चालवावीच लागते. ते चालू असताना टेबलं लॉक होतात, त्यामुळे दुकान बंद असताना करा. त्यात युनिक इंडेक्सला एरर आली तर घाबरू नका, कुठला नंबर दोनदा पडलाय तेच तुम्हाला कळलेलं असतं.

अपडेटच्या आधी मी एक तपासणी आवर्जून करतो. पीजी-डम्प या पोस्टग्रेच्याच प्रोग्रॅमने बॅकअप (डम्प) घ्यायचा आणि दुसऱ्या लॅपटॉपवर रिस्टोअर करायचा. डम्प पूर्ण टेबल वाचून निघतो, आणि रिस्टोअर करताना सगळे इंडेक्स कोरे, नव्याने बांधले जातात. मग नेहमीच्या दहा-वीस शेतकऱ्यांचे खातेउतारे दोन्ही मशीनवर काढून शेजारी ठेवायचे. लॅपटॉपवर एखादी पट्टी जास्त दिसली तर दुकानातला इंडेक्स तुटलेला आहे. यातून बॅकअप खरोखर उघडतो की नाही हेही कळतं. (बॅकअपची डिस्क दुकानातल्याच खणात ठेवू नका. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीत तळमजल्यांचं काय झालं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.)

सुरक्षेचं थोडक्यात. १४.३ मध्ये सीव्हीई-२०२२-१५५२ नावाची फट बुजवली (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा-त्रुटीला दिलेला क्रमांक). डेटाबेसमध्ये स्वतःचं फंक्शन किंवा टेबल बनवायची परवानगी असलेला साधा युजर असं काही पेरून ठेवू शकत होता, की ॲडमिनने रीइंडेक्स चालवलं किंवा ऑटोव्हॅक्यूम, म्हणजे आपोआप चालणारा व्हॅक्यूम, फिरला की ते सुपरयूजरच्या, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या युजरच्या, अधिकाराने चालायचं. फेब्रुवारी २०२५ मधल्या सीव्हीई-२०२५-१०९४ मध्ये अवतरणचिन्हं सुरक्षित करणारी फंक्शन्सच मोडक्या अक्षरसंकेताला फसत होती, त्यामुळे काही परिस्थितीत एसक्यूएल इंजेक्शन, म्हणजे माहितीच्या आडून डेटाबेसला भलतीच कमांड देणं, शक्य होतं. ऑगस्ट २०२५ मधल्या दुरुस्त्यांपैकी एक बॅकअपशी संबंधित आहे: मूळ सर्व्हरचा सुपरयूजर खोडसाळ असेल तर डम्पमधून तो रिस्टोअर करणाऱ्या मशीनवर कमांड चालवू शकत होता. कुणी पेनड्राइव्हवर दिलेला डम्प बिनधास्त उघडणाऱ्यांनी ही गोष्ट मनावर घ्यावी.

दुकानात एकच युजर असेल तर यातल्या पहिल्या फटीचा धोका कमी आहे. पण तासगावच्या गोदामातून बघता यावं म्हणून राउटरवर ५४३२ पोर्ट, म्हणजे पोस्टग्रेचं नेहमीचं दार, बाहेरच्या जगाला उघडा ठेवला असेल, तर तो आजच बंद करा आणि व्हीपीएन, म्हणजे फक्त आपल्या माणसांसाठीची सुरक्षित जोडणी, लावा. हे काम अपडेटच्याही आधीचं. एसक्यूएल स्लॅमर नावाचा वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा घातक प्रोग्रॅम, २५ जानेवारी २००३ ला मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमधल्या फटीतून काही मिनिटांत जगभर पसरला, तेव्हा मायक्रोसॉफ्टचा पॅच (दुरुस्ती) जुलै २००२ पासून उपलब्ध होता. टाकायचं राहून गेलं होतं, एवढंच.

अपडेटमुळे कधीच बिघडत नाही असं मी म्हणणार नाही. १४ नोव्हेंबर २०२४ च्या अपडेटने काही एक्स्टेंशन्स (पोस्टग्रेला जोडायचे पूरक प्रोग्रॅम) अडली आणि २१ तारखेला पुन्हा आवृत्ती काढावी लागली. १३ फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीतच एक चूक राहिली, ती २० तारखेला सुधारली. त्यामुळे फार गंभीर फट नसेल तर नवी आवृत्ती आल्यावर मी आठ-दहा दिवस थांबतो. त्यापलीकडे थांबायला कारण उरत नाही.

टाकताना सौदे नसलेला दिवस निवडा. विंडोज असेल तर १४ चाच ताजा इन्स्टॉलर जुन्यावर चालवायचा, १५ किंवा १६ चा नव्हे. उबंटू असेल तर नेहमीच्या पॅकेज अपडेटमधून येतं, सर्व्हिस आपोआप रीस्टार्ट होते. त्याआधी नव्या आवृत्तीच्या टिपणातला 'मायग्रेशन'चा परिच्छेद जरूर वाचा. तो चार-पाच ओळींचा असतो, आणि अपडेटनंतर हाताने काही करायचं असेल तर तिथेच लिहिलेलं असतं. तुम्ही १४.२ वरून उडी मारताय, म्हणून मधल्या सगळ्या आवृत्त्यांचे हे परिच्छेद नजरेखालून घाला.

आणि सॉफ्टवेअरवाल्यांशी बोलताना पुढचंही विचारून ठेवा. १४ साठी दुरुस्त्या मिळण्याची शेवटची तारीख १२ नोव्हेंबर २०२६ आहे. नव्या हळदीची आवक वाढली की कुणालाच सर्व्हरकडे बघायला उसंत नसते, तेव्हा मोठं अपडेट हंगामाबाहेर कधी करणार याची तारीख त्यांच्याकडून लेखी घ्या.