शब्दकोड्यातला 'क्लू': संकेत, सूचना की शोधसूत्र?

एका वाचक ताईंचा प्रश्न आहे: "मी मराठी शब्दकोडी रचायला लागले आहे. इंग्रजीतल्या 'क्लू'ला काय म्हणू? सूचना, संकेत, खूण असं सगळं वापरून पाहिलं, एकही शब्द मनासारखा बसत नाही. आणि इंग्रजीत असतात तसे क्रिप्टिक, म्हणजे शब्दांची मोडतोड करून फसवणारे गूढ क्लू मराठीत होतात का, की आपल्या लिपीचाच त्याला विरोध आहे?"

ताई, पहिल्याचं उत्तर सोपं आहे. शोधसूत्र म्हणा. शब्द माझा नाही, गूढ शब्दकोडी रचणाऱ्या मंडळींत तो आधीपासून चालतो.

'सूचना' म्हटलं की मला सोसायटीचा फळा दिसतो: उद्या पाणी फक्त दहापर्यंत येईल. 'संकेत' एके काळी चालला असता. पण ज्या संकेतस्थळी पूर्वी प्रेमिक भेटायचे तिथे आता लोक वीजबिल भरतात, तेव्हा त्या शब्दावर आणखी ओझं नको. 'खूण' गोड आहे, पण खूण डोळ्यांना दिसते. कोड्यात जे दिलेलं असतं ते दिसत असूनही दिसत नाही. पोलिसांच्या बातमीत मात्र आपण बरोबर बोलतो, 'धागेदोरे हाती लागले' म्हणतो. गंमत अशी की इंग्रजी 'क्लू'सुद्धा मुळात सुताचा गुंडाच. ग्रीक कथेत क्रीट बेटावरच्या भूलभुलैयात शिरताना थीसियस या वीराला राजकन्या अरिआद्नी सुताचा गुंडा देते. तो उलगडत आत जातो, राक्षसाला मारतो आणि त्याच दोऱ्याच्या मागाने बाहेर येतो. अशा गुंड्याला इंग्रजीत जे जुनं नाव होतं, त्याचाच अर्थ पुढे 'शोधाचा धागा' झाला. आपल्या 'सूत्रा'तही सूतच आहे. दोन भाषा एकमेकींना न विचारता एकाच दोऱ्याला धरून उभ्या आहेत, तर आपण तो कशाला सोडायचा?

अर्थात पेन्सिल घेऊन बसलेल्या माणसाला यातलं काहीच लागत नाही. तो शेजारच्याला एवढंच विचारतो, "सात उभं काय रे? चार अक्षरी, शेवटी री."

आता दुसरा प्रश्न. चौकटीचं कोडं परदेशी खरं. २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वर्तमानपत्रात आर्थर विन यांनी पहिलं छापलं, तेही शंकरपाळ्याच्या आकाराचं. त्यातली सूत्रं सरळ, नुसत्या प्रतिशब्दांची होती. फसव्या सूत्रांची कला पुढे इंग्लंडात वाढली. तिथला एक गाजलेला कोडेकार तर 'टॉर्केमाडा' या टोपणनावाने लिहायचा, आणि हे नाव स्पेनमधल्या धर्मछळाच्या मुख्य अधिकाऱ्याचं. सोडवणाऱ्यांचा छळ करायचा हे त्याने नावातच सांगून टाकलं होतं.

पण शब्द फोडून फसवणं आपल्याला परकं नाही. संस्कृतात 'कं बलवंतं न बाधते शीतम्' असा प्रश्न आहे: कोणत्या बलवानाला थंडी बाधत नाही? उत्तर त्याच अक्षरांत आहे, फक्त जोडून वाचायचं. 'कंबलवंतं न बाधते शीतम्', ज्याच्याकडे कांबळं आहे त्याला. याला अंतर्लापिका म्हणतात. चौकट नाही, आडवे-उभे नाहीत, पण बाकी सगळी चलाखी हीच.

गूढ सूत्राचा करार एवढाच: एका टोकाला उत्तराचा सरळ अर्थ असतो, उरलेल्या शब्दांत तेच उत्तर बनवण्याची कृती. वाचताना मात्र सगळं मिळून एक साधं वाक्य वाटलं पाहिजे. हे घ्या (कंसातला आकडा म्हणजे उत्तरातली अक्षरं):

कसा गरजतोय बघ, पोटात समुद्र (३)

'समुद्र' हा अर्थ, 'पोटात' ही कृती. 'कसा गरजतोय'च्या पोटात बघा: क-सा-ग-र-ज. सागर.

विस्कटून विकता ते काव्य (३)

वि-क-ता ही तीन अक्षरं विस्कटली की क-वि-ता. हे सूत्र सुचलं त्या दिवशी मी जेवताना एकटाच हसत होतो.

उलटी वाहिली नदी, झाला बिचारा (२). उत्तर दीन. दिवसामागून हत्ती, पंढरीच्या वाटेवर (४). दिवस म्हणजे वार, त्यामागून हत्ती म्हणजे करी, आणि जोडून वारकरी. हत्तीला 'करी' आज कोण म्हणतं? कोडी सोडवणारे म्हणतात. इभ, खग, अही असे कितीतरी शब्द आता फक्त शब्दकोड्यांच्या पांजरपोळात जगून आहेत.

तेव्हा मराठीत जमतं. अडचणी आहेत, पण त्या वेगळ्या. इंग्रजीत घरात एक सुटं अक्षर बसतं, आपल्याकडे काना-मात्रा-वेलांटीसकट सबंध अक्षर. 'स्वातंत्र्य' तीन घरांत मावतं, पण शेवटच्या 'त्र्य'ला छेद देणारा शब्द आणणार कुठून? त्याला 'वैचित्र्य', 'दारिद्र्य' असे सोबती शोधले तर त्यातही 'दारिद्र्य' ऐन वेळी दगा देतं, कारण त्यात 'द्र्य' आहे. शहाणा कोडेकार असं जोडाक्षर छेद नसलेल्या घरात नेऊन ठेवतो.

दुसरी अडचण प्रत्ययांची. इंग्रजीत शब्द आहे तसा वाक्यात टाकता येतो. मराठीत 'घोडा'ला प्रत्यय लावला की 'घोड्या' होतो आणि उलटसुलट करायला हवा असलेला मूळ शब्दच हातातून निसटतो. यावर माझी युक्ती अशी की ज्याची मोडतोड करायची त्याला वाक्याचा कर्ता करायचं, म्हणजे तो बहुधा सामान्यरूपात जात नाही. वरची नदी म्हणूनच स्वतः उलटी वाहते. 'नदीला उलटवलं' असं लिहिलं असतं तर तो 'ला' बाजूला काढायचं काम सोडवणाऱ्याच्या गळ्यात पडलं असतं.

आणि ऱ्हस्व-दीर्घ! आमच्या इमारतीच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत एकदा मी कोडं दिलं होतं. 'पाणी' आडवं, 'माणिक' उभं, दोघांचा छेद एकाच घरात. एका निवृत्त शिक्षिकेने त्या घराभोवती लाल वर्तुळ काढून अंक परत पाठवला. बाई बरोबर होत्या. 'णी' आणि 'णि' ही दोन वेगळी अक्षरं आहेत. बरेच कोडेकार ऱ्हस्व-दीर्घाकडे काणाडोळा करतात. रोजच्या साध्या कोड्यात मीही तो चालवून घेईन. गूढ कोड्यात नाही. तिथे सोडवणारा अक्षरन् अक्षर मोजत असतो.

लेखनाच्या नियमांनी कोडेकाराचं काय भलंबुरं केलं, हेही बघण्यासारखं आहे. हे सूत्र बघा: उखाण्यात घेतात, पाण्यात सोडतात (२). उत्तर 'नाव'. पण जुन्या लेखनात माणसाचं 'नांव' अनुस्वार घेऊन यायचं आणि नदीतली 'नाव' बिनअनुस्वाराची असायची. १९६२च्या नियमांनी उच्चार न होणारे अनुस्वार काढून टाकले, तेव्हा कुठे ही दोन्ही माणसं एका घरात राहायला आली. त्याच नियमांनी एक गोष्ट हिरावलीही. पूर्वी 'कवि' ऱ्हस्व लिहीत, त्यामुळे 'कवि' अधिक 'ता' असं सरळ 'कविता'चं सूत्र बांधता यायचं. आता 'कवी' दीर्घ झाला आणि 'कविता'तली वेलांटी पहिलीच राहिली. कवी आता कवितेत मावत नाही.

शेवटी, तुम्ही हमखास अडाल ती जागा. 'वानर' आणि 'नवरा' घ्या. व, न, र आणि एक काना. दोन्हीकडे सामान तेच. मग 'बिथरला नवरा की माकड (३)' हे सूत्र चालेल का? इंग्रजीची सवय असलेले म्हणतील, का नाही, एक चिन्ह इकडून तिकडे गेलं एवढंच. मी म्हणतो, नाही चालणार. आपल्या घरात 'वा' हे एक अक्षर बसतं, 'व' आणि काना असे दोन भाडेकरू नव्हेत. मात्रा सुट्या करू दिल्या तर 'काम' आणि 'कमा' एकच होतील आणि सोडवणाऱ्याला धरायला दोराच उरणार नाही. हे सूत्र घरी वाचून दाखवलं तेव्हा बायकोने मात्र ते जागच्या जागी मंजूर केलं, आणखी एखादा काना लागला तर घे म्हणाली. नियम मी नीट समजावून सांगितला, पण तिथे माझी मात्रा चालत नाही.