सर्क्युलर मोशनच्या गणितात सेंट्रिपेटल फोर्सचा बाण कुठे काढायचा?

तुम्ही विचारलंय की फ्री बॉडी डायग्राममध्ये (वस्तूवरची सगळी बलं बाणांनी दाखवणारं चित्र) एमव्ही स्क्वेअर बाय आर (वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले त्रिज्या) आत केंद्राकडे दाखवायचा की बाहेर. कुठेच दाखवायचा नाही. सेंट्रिपेटल फोर्स म्हणजे अभिकेंद्री बल, वस्तूला वर्तुळाच्या केंद्राकडे खेचणारं. हे वेगळं बल नाहीच, वजन, दोरीचा ताण, नॉर्मल (पृष्ठभाग काटकोनात ढकलतो ते बल), फ्रिक्शन (घर्षण) यातलंच कुणीतरी किंवा दोघंतिघं मिळून ते काम करत असतात. मी अकरावी-बारावीला शिकवते, मुलांना सांगते की प्रत्येक बाण काढताना विचारा, हे बल लावतंय कोण? सांगता आलं नाही तर बाण खोडा. एमव्ही स्क्वेअर बाय आर बरोबरच्या चिन्हाच्या दुसऱ्या बाजूला येतो, एमए (वस्तुमान गुणिले त्वरण) च्या जागी.

आता खरी गोची कोनाची असते. दोरीला बांधलेला गोळा, दोरी उभ्या रेषेशी ६० अंशात. साधा लंबक टोकाला जाऊन क्षणभर थांबलाय, तर ताण एमजी कॉस थीटा (एमजी म्हणजे वजन, थीटा म्हणजे हा कोन), म्हणजे वजनाच्या निम्मा. तोच गोळा त्याच कोनात आडव्या वर्तुळात फिरतोय (कोनिकल पेंड्युलम), तर ताण एमजी भागिले कॉस थीटा, म्हणजे वजनाच्या दुप्पट! चित्र अगदी सारखं आणि उत्तरात चारपट फरक, कारण पहिल्यात दोरीच्या दिशेने त्वरण शून्य आहे आणि दुसऱ्यात उभ्या दिशेने. म्हणून आधी वर्तुळाचं केंद्र शोधा, एक अक्ष त्याच्याकडे करा आणि मगच बलांचे घटक पाडा. बँक्ड रोडवरही (वळणावर आतल्या बाजूला उतरता केलेला रस्ता) मुलं उताराचं गणित समजून एन (नॉर्मल) बरोबर एमजी कॉस थीटा लिहून मोकळी होतात, पण तिथे केंद्र आडव्या दिशेला आहे, त्यामुळे फ्रिक्शन नसेल तर एन कॉस थीटा बरोबर एमजी.

जत्रेतला मौत का कुआ घेऊन बघा, गोल उभ्या भिंतीवरून मोटरसायकल फिरवतात तो. भिंत आत ढकलते तो नॉर्मल, तोच एमव्ही स्क्वेअर बाय आर. वजन तोलतं फ्रिक्शन. त्रिज्या ५ मीटर, म्यू (घर्षणाचा गुणांक) ०.५, जी (गुरुत्वत्वरण) १० धरला तर कमीत कमी वेग १० मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी ३६ किमी, आणि वस्तुमान उडून जातं त्यामुळे बारीक माणूस असो की जाडा, वेग तोच लागतो.

बाहेरचा अपकेंद्री बाण (केंद्रापासून बाहेर ढकलणाऱ्या बलाचा) फक्त फिरणाऱ्या चौकटीत बसून, म्हणजे वस्तूबरोबर फिरत बघतोय असं धरून गणित करत असाल तरच काढा, आणि तेव्हा त्वरण शून्य धरायचं, अपकेंद्री बल आणि केंद्राकडचं त्वरण दोन्ही एकाच समीकरणात नको.