रकान्याची लांबी किती ठेवायची?

डेटाबेसच्या टेबलात रकान्याला (कॉलमला) किती लांबी द्यायची, हेच सगळे विचारतात. निपाणी ते खानापूर, पत्रं बदलतात, घोळ तोच. म्हणून एकत्रच उत्तरं देतो.

सगळ्या रकान्यांना २५५ लांबी दिली तर वेग वाढतो म्हणतात. खरं का? (चिकोडी)

नाही. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ५.०.३ आवृत्तीच्या आधी व्हारचारची (मजकुराच्या रकान्याच्या प्रकाराची) कमाल मर्यादा २५५ होती. ती गेली, ऐकीव माहिती उरली.

पॅन, आयएफएससी आणि जमिनीचा सर्व्हे नंबर? (खानापूर)

पॅनला १०, आयएफएससीला ११. सर्व्हे नंबर मजकूर म्हणूनच ठेवा. '४५/२ब' आकड्याच्या रकान्यात जात नाही.

आमच्या पतसंस्थेत ओरॅकल डेटाबेस आहे. नावाच्या रकान्याची लांबी २०. इंग्रजी आडनाव बसतं, मराठी टाकलं की एरर. सॉफ्टवेअरवाला नवं लायसन्स घ्या म्हणतो. (बेळगाव)

घेऊ नका! ओरॅकलमध्ये काही सांगितलं नाही, तर २० म्हणजे २० बाइट. 'कुलकर्णी' डोळ्याला चार अक्षरं दिसतं. काना-मात्रा, हलंत धरून साठवताना त्याचे आठ घटक होतात. यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे २४. कन्नड लिपीतही २४च, रोमनमध्ये मात्र ८. आपल्या भागात एकाच सभासदाचं नाव तीन लिपींत येतं आणि चाचणी मात्र रोमनमध्येच उरकतात, याचा मला खरोखर संताप येतो. लांबी '६० कॅर' अशी लिहून घ्या, म्हणजे बाइटऐवजी घटक मोजले जातील. त्याला लायसन्स लागत नाही. आधी डेटाबेसचा कॅरेक्टर सेट (अक्षरं कोणत्या पद्धतीनं साठवतो ते) तपासायला हवा. तो एखाद्या डीबीएकडून (डेटाबेस सांभाळणाऱ्याकडून) तपासून घ्या, विकणाऱ्याकडून नको.

एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसच्या प्रोसीजरमध्ये (साठवलेल्या आज्ञांमध्ये) नावाचं पहिलंच अक्षर उरतं. (निपाणी)

व्हेरिएबलला लांबी दिलेली नाही. तिथं डिफॉल्ट १, कास्टमध्ये (प्रकार बदलताना) ३०. लांबी लिहाच, आणि मराठीसाठी एनव्हारचार हा युनिकोडचा प्रकार.

मायएसक्यूएलमध्ये नावं मध्येच तुटतात, एरर येत नाही. लांबी ५० ची १०० करायचं मार्चनंतर बघू का? (बेळगाव)

मार्चपर्यंत आणखी किती नावं तुटतील? स्ट्रिक्ट मोड (चुकीचा डेटा नाकारणारी सेटिंग) बंद दिसतो, म्हणून जादा मजकूर गुपचूप कापला जातो. कापलेलं परत येत नाही, अर्ज काढून पुन्हा भरावं लागेल. आणि एक: यूटीएफ-८-एमबी-४ मध्ये (मायएसक्यूएलचा यूटीएफ-८, एका घटकाला जास्तीत जास्त चार बाइट धरणारा) ५० म्हणजे २०० बाइट, १०० म्हणजे ४००. २५५ बाइटची हद्द ओलांडली की सगळं टेबल नव्यानं लिहिलं जातं, तोवर नोंदी थांबतात. काउंटर बंद झाल्यावर, बॅकअप घेऊन, आधी प्रतीवर करून बघा. टेबल मोठं असेल तर जाणकाराला शेजारी बसवा.